दुडकीची शर्यत

घोड्यांची एक शर्यत अशी असते की तिच्यात घोड्यानं धावायचं नसतं. धावला की हरला. हे मी पहिल्यांदा बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "मग शर्यत कशाची? झोपायची?" मी म्हटलं, "दुडकीची." तेव्हा कुठे त्यांचा हात थांबला. "दुडकीची शर्यत करतात? गोरे लोक?" मी म्हटलं, हो, मागे दोन चाकांची गाडी जोडतात, माणूस तिच्यात बसतो, घोड्यानं शेवटपर्यंत दुडकीनंच जायचं, आणि मध्येच चौखूर उधळला तर त्याला आवरून पुन्हा दुडकीवर आणायचं, तोवर बाकीचे पुढे गेले तर गेले. बाबांनी तेलाची बाटली बाजूला ठेवली. "मग मी जन्मभर दुसरं काय केलं?" ते म्हणाले.

आणि ते खरंच होतं. बाबांचा रेवदंडा ते अलिबाग टांगा होता, त्यांच्या आधी आजोबांचा होता. टांग्याचा घोडा उधळला तर उतारू नारळाच्या बागेत पडतात आणि भाडं बुडतं. म्हणून आमच्या घराण्यात घोड्याला पळू न देणं हीच विद्या होती. आजोबांनी तिला एक जोड दिली होती. वाटेत कुठेही बांग ऐकू आली की टांगा उभा करायचा. बांग संपेपर्यंत घोडाही हलायचा नाही आणि उतारूही. कोर्टाची तारीख गाठायला निघालेले खोत असोत की माहेरवाशिणी, सगळे गप्प बसायचे. रेवदंड्यात सगळ्यांना माहीत होतं की आजोबांच्या, म्हणजे उस्मानच्या टांग्यात बसायचं तर बांगेला थांबायचं, घाई असेल त्यानं चालत जावं. पुढे एस.टी. आली. ती कशालाच थांबायची नाही, स्टॉपवरसुद्धा नाही, आणि लोकांना तेच आवडलं. बाबांनी टांगा विकला आणि चुलतभावाच्या ओळखीनं कुवेतला आले. तेलकंपनीच्या गॅरेजात मोटारी धुवायचं काम मिळालं. वर्षभर त्यांनी मोटारींना खरारा केल्यासारखं पुसलं. एका मोटारीच्या बॉनेटवर थोपटताना डॉब्सन साहेबांनी त्यांना पाहिलं आणि विचारलं, "तुला घोडे येतात का?" बाबांना इंग्रजीतला तेवढा एकच शब्द येत होता, हॉर्स. तेवढा पुरला.

डॉब्सन साहेब न्यूझीलंडचे. अहमदीला त्यांचा बंगला होता, पुढे हिरवळ, मागे नोकरांच्या दोन खोल्या आणि त्यांना लागून पत्र्याचा तबेला. बाबा मोतद्दार झाले तसं अम्माला आणि मला बोलावून घेतलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, अलिबागच्या शाळेत इंग्रजी शिकलेली, म्हणून साहेब आणि बाबा यांच्यामधला पूल मीच. साहेब बोलायचे, मी सांगायची, बाबा ऐकून घ्यायचे आणि मग त्यांना जे करायचं तेच करायचे. साहेबांना वाटायचं मी फार छान भाषांतर करते.

घोडी बोटीनं आली होती. कागदावर तिचं नाव मोठं लांबलचक होतं, बाबांनी पहिल्याच दिवशी ते गुलाब करून टाकलं. स्टँडर्डब्रेड म्हणून एक जात असते, त्या जातीची ती. पूर्वी ठरलेल्या वेळेत मैलभर दुडकत जाईल तोच घोडा त्या जातीत धरायचे, म्हणून तसं नाव, असं साहेबांनी सांगितलं. बाबांना ते फार पटलं. "म्हणजे आधी परीक्षा, मग जात," ते म्हणाले. "आपल्याकडं उलटं हाय." दिसायला मात्र गुलाब अशी की अरबी घोडे पाहिलेल्या माणसानं तोंड फिरवावं. अंग लांब, पाय आखूड, डोकं मोठं आणि चेहरा शाळेतल्या हेडबाईंसारखा. पण दुडकीवर आली की खुरांचा आवाज असा सारखा पडायचा की ऐकणाऱ्याला झोप यावी. त्या जातीत काही घोडे पुढचा एक आणि त्याच्या तिरपा मागचा एक असे दोन पाय एकदम उचलतात, काही एकाच अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकतात आणि बोटीसारखे हलत जातात. या दुसऱ्यांच्या पायांत चाल मोडू नये म्हणून पट्टे अडकवतात. गुलाब पहिल्या प्रकारातली, बिनपट्ट्याची. बाबा तिची ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, जणू ती नकाब न घेता चारित्र्य सांभाळून होती.

गाडी बघून मात्र ते हसले होते. दोन सायकलची चाकं, दोन दांड्या आणि मध्ये बशीएवढी बैठक. हाकणाऱ्यानं त्या बशीत बसून पाय घोडीच्या दोन्ही अंगांना दांड्यांवर लांब करायचे आणि तोंड नेमकं शेपटीसमोर धरायचं. "उतारू कुठं बसतात?" त्यांनी विचारलं. मी साहेबांना विचारलं. साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बशीकडे.

अम्माचं आणि गुलाबचं पहिल्यापासून वाकडं. तबेल्याचा आणि आमच्या चुलीमागचा पत्रा एकच. अम्मानं पापलेट तव्यावर टाकलं की पलीकडून गुलाब लाथ घालायची आणि मांडणीवरची सगळी भांडी एका सुरात वाजायची. पापलेटाला तिथे जुबैदी म्हणतात. अम्मानं ते नाव कधी घेतलं नाही. तांदळाच्या भाकऱ्या थापायची, तिथली खुबूस रोटी घरात आणू द्यायची नाही, रेवदंड्याहून आलेलं सुकट पुरवून पुरवून वापरायची, आणि पलीकडे ती घोडी बैरूतहून आलेली गाजरं खायची. गाजरांवर अम्माचा विशेष राग. आमच्या घरी गाजर ईदेला यायचं. "समुद्र ओलांडून आले," ती पत्र्याकडे तोंड करून म्हणायची, "आणि बघते काय, तर सवत. ती पण चार पायांची." पलीकडून लाथ यायची. बाबा म्हणायचे, "बघ, तिला समजतं." अम्मा म्हणायची, "समजेल नाय तर काय, माज्यापेक्षा चांगलं खाते."

रोज दुपार कलली की बाबा गुलाबला गाडीला जोडून वस्तीबाहेर न्यायचे. तिथली जमीन कडक, पांढरट, खुराला बरी. साहेबांनी तेलाची रिकामी पिंपं चुना फासून मांडली होती, त्यांना वळसा घालून फेऱ्या मारायच्या. तेवढ्यात कामगारांच्या वस्तीतल्या मशिदीतून असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, बांग यायची. भोंगा नव्हता, वाऱ्यावर येईल तेवढी. बाबा लगाम खेचायचे, गुलाब उभी राहायची. बांग संपली की बाबा जिभेनं टक् करायचे, ती निघायची. महिन्याभरात लगाम खेचायची गरज उरली नाही. ही गोष्ट बाबांनी साहेबांना सांगितली नाही, मीही सांगितली नाही. लपवायची म्हणून नाही हो. आमच्या घरात ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. घोडा बांगेला थांबतो, यात काय सांगायचं? पाणी पितो हेही आम्ही सांगितलं नव्हतं.

माझा नातू कुवेतच्या फरवानिया भागात राहतो. मागे त्यानं फोनवर कुठल्याशा देशातल्या दुडकीच्या शर्यतीचा व्हिडिओ पाठवला. "नानी, सी, युवर हॉर्स," म्हणाला. त्याच्या दृष्टीनं जगातले सगळे असे घोडे माझे. मी चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिला. आता प्लास्टिकची चाकं, डोक्याला टोप, दिव्यांचा झगमगाट. पण माणूस तसाच बशीत बसलेला आणि तोंड तसंच शेपटीसमोर. बरं वाटलं.

मग साहेबांचं कंत्राट संपलं. एका सकाळी ते तबेल्यापाशी आले, गुलाबच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याशी बोलले. मी बाबांना सांगितलं की त्यांच्या देशात बाहेर राहिलेला घोडा परत घेत नाहीत, रोगराईची भीती. इथे कुणा चांगल्या माणसानं घेतली तर ठीक. गाडीवाल्यांना साहेब देणार नाहीत, ती माणसं उन्हात पाण्याची पिंपं ओढायला लावून तिला मारतील. गिऱ्हाईक मिळालं नाही तर जायच्या आधी ते स्वतःच तिला गोळी घालतील.

"गोळी?" बाबा म्हणाले.

"प्रेम आहे म्हणून, असं म्हणतायत."

"प्रेम हाय म्हणून?" बाबांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचे डोळे लाल झाले होते, ते खोटं नव्हतं. "मग बाय, विचार त्यांना, प्रेम नसलं तर काय करतात?"

याचं मात्र मी भाषांतर केलं नाही. बाबा म्हणाले, मी ठेवून घेतो. पण ठेवणार कुठे? खोली साहेबांची, तबेला साहेबांचा, लसूणघासाचा भारा साहेबांच्या नावावर यायचा. नव्या साहेबाला तबेल्यात मोटार ठेवायची होती. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. अम्मानं ताट झाकून ठेवलं आणि पत्र्याला कान लावून बराच वेळ उभी राहिली. मी विचारलं, काय ऐकतेस? म्हणाली, काय नाय, आज लाथ नाय मारली तिनं.

गिऱ्हाईक एकच होतं, बू सालेम. मोठा व्यापारी, जहराला त्याची खजुरीची बाग. तरुणपणी मोत्यांच्या धंद्यात मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा, भेंडीबाजारातली. तो गुलाबला बघायला आला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ये घोड़ा है कि ऊँट का भाई?" मग साहेबांना सांगितलं की तुम्ही जाण्याआधी तुम्हा तेलकंपनीवाल्यांची दुडकीची शर्यत आहे ना, तिच्यात जो जिंकेल तो मी घेईन. "हारनेवाला मेरे घर में पहले से बहुत है."

शर्यतीत तीन गाड्या होत्या. एका अमेरिकन इंजिनिअरचा पायांत पट्टेवाला घोडा, एका लेबनानी कंत्राटदाराचा तांबडा आणि आमची गुलाब. साहेबांचं वजन फार, म्हणून हाकायला बाबा. साहेबांनी त्यांना हिरवा-पिवळा रेशमी सदरा आणि टोपी दिली. अम्मानं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वरातीत वाजवायला निघालात?" पण जाताना तिनं त्यांच्या दंडावर काहीतरी पुटपुटून फुंकर मारली, आणि मग कुणी बघत नाही असं समजून तबेल्याकडेही एक मारली. बाबा मला म्हणाले, "ही जिंकते बघ. ते दोघं घोडा पळवायला शिकलेत. मी न पळवायला शिकलोय."

शर्यत शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आणि जेवणं उरकली की लगेच. असरला भरपूर वेळ होता. पण या शर्यतीत घोडे उभ्यानं सुटत नाहीत. पुढे एक मोटार चालते, तिच्या दोन्ही अंगांना आडवे दांडे, त्यांच्यामागे घोडे दुडकत येतात, रेषेवर आले की मोटार भरकन निघून जाते. आमची ती मोटार म्हणजे दोन बांबू बांधलेला पिकअप. तो रेषेच्या अलीकडेच वाळूत रुतला. पठाण, मलबारी, कोकणी, सगळ्यांनी मिळून ढकलला, त्यात एक बांबू मोडला, नवीन बांबू आणायला माणूस गेला. तो येईपर्यंत सावल्या लांबल्या. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. अम्माच्याही नाही. बांग आमच्या इतकी अंगातली गोष्ट की ती कधी आडवी येईल हे आम्हाला सुचणारच नव्हतं.

सुटली शर्यत. लेबनान्याचा तांबडा पहिल्याच वळणावर चौखूर उधळला आणि त्याचा हाकणारा त्याला आवरता आवरता पार मागे पडला. अमेरिकन पुढे, गुलाब त्याच्या चाकाला लागून. बाबा त्या बशीत असे बसले होते की जणू मागे अलिबागची बाजारकरीण बसलीय आणि तिच्या टोपलीत अंडी आहेत. शेवटच्या फेरीत त्यांनी नुसता हात ढिला केला. गुलाबनं मान लांब केली, चाल तीच, आवाज तोच, आणि ती अमेरिकन घोड्याच्या पुढे निघाली. एक पिंप, दुसरं पिंप. साहेब टोपी हलवत ओरडत होते. अम्मा माझं मनगट पिळत म्हणत होती, "चल गो बया, चल." सवतीला.

आणि बांग झाली.

गुलाब थांबली. काही नाही, रोज थांबायची तशी थांबली, कान पुढे करून. बाबा बशीतून जवळजवळ तिच्या पाठीवर पडले. मला वाटलं ते आता लगाम सोडून डोकं खाली घालतील, जन्मभर घातलं तसं. पण बाबांनी टक् केलं. ती हलली नाही. त्यांनी लगाम झटकला. मग ओरडले, "चल! आजच्या दिवस चल, बाय! मारतील तुला!" आणि मग त्यांनी चाबूक उचलला. तो चाबूक साहेबांनी दिल्यापासून नुसता धरलेला होता, घोडीला कधी लागला नव्हता. तो तिच्या पाठीवर पडला, पुन्हा पडला. बाजूला उभे असलेले सगळे कामगार बांगेला गप्प झाले होते, त्यामुळे तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. गुलाबनं कातडी थरथरवली आणि उभी राहिली. अमेरिकन घोडा शेजारून हलत हलत गेला आणि जिंकला.

बांग संपली तशी गुलाब आपण होऊन निघाली, टक् न करता. उरलेली पिंपं तिनं अगदी नियमात, दुडकीनं पार केली. कुणीतरी "सुभानल्ला" म्हणालं. साहेब पाठमोरे उभे होते.

बू सालेम तोवर अमेरिकनाचा हात हातात घेऊन होता, सौदा झाला होता. तेव्हा अम्मानं माझं मनगट सोडलं. परक्या पुरुषाशी ती उभ्या जन्मात बोलली नव्हती. भाजीवाल्याशीसुद्धा माझ्यामार्फत बोलायची. ती ओढणी पुढे ओढून सरळ मैदान ओलांडून गेली, मी मागून धावले.

"सेठ," ती म्हणाली, "आप जीतनेवाला लेनेवाला था ना?"

"हाँ बाई. ले लिया."

"अच्छा किया. वो घोड़ा अजान में दौड़ा. आपके बाग में भी दौड़ेगा."

बू सालेमच्या हातातली तसबीहची माळ थांबली. आजूबाजूचे लोक जवळ आले.

"और ये जो खड़ी रही, मार खा के खड़ी रही, इसको साहब गोली मारेंगे. मैं कुछ माँगने नहीं आई. सिर्फ बताने आई. आपको मालूम होना चाहिए."

एवढं बोलून ती तिथेच उभी राहिली. बू सालेमनं लोकांकडे पाहिलं, गुलाबकडे पाहिलं, मग अम्माकडे. "बाई, तुम किधर का?"

"रेवदंडा."

"अल्लाह," तो म्हणाला, आणि त्यानं दोन्ही घोडे घेतले.

साहेब गेले. जाताना बाबांचे दोन्ही हात धरून खूप काही बोलले, मी थोडंसं सांगितलं. आम्ही खोली सोडून फहाहीलला भाड्यानं राहिलो आणि बाबा पुन्हा गॅरेजात मोटारी धुवू लागले. गुलाब वाचली म्हणून मला वाटलं होतं ते खूश होतील. पण ते बोलेनासे झाले. आता पत्र्यापलीकडे कुणी नव्हतं, मासा तळताना भांडी वाजत नव्हती, आणि अम्माला त्या शांततेचाही राग यायचा. शेवटी एकदा जेवताना तिनं ताट पुढे सरकवून विचारलं, "काय झालंय काय तुमाला?"

"मी बांग चालू असताना तिला मारली," बाबा म्हणाले. "मीच शिकवलेलं. ती धरून राहिली आणि मी सोडलं."

"मग अल्लाकडं माफी मागा."

"अल्ला देईल गो," बाबा म्हणाले. "तिचं काय?"

अम्मानं मला विचारलं, जहराला बस कुठून सुटते?

थंडीत एका शुक्रवारी आम्ही तिघं बसनं जहराला गेलो. बाबा वाटभर परत फिरू म्हणत होते. बू सालेमनं चहा दिला आणि तक्रार केली. म्हणाला, तुमची घोडी फक्त असरला थांबते. मगरीबला, सूर्य बुडायच्या वेळी, पाहुणे बोलावले, सगळ्यांना सांगून ठेवलं, बांग झाली आणि हिनं एका पाहुण्याच्या डोक्यावरचा रुमाल खाल्ला. बाबा खालमानेनं म्हणाले, "सेठ, हम लोग उसी टाइम निकलते थे." बू सालेम हसला आणि आम्हाला तबेल्यात सोडून गेला.

गुलाब तोबऱ्यात तोंड घालून चंदी खात होती. अंगानं भरली होती, पाठीवर वळ वगैरे काही नव्हता, बाबांनी हात फिरवून फिरवून पाहिलं. तिनं मान वळवली नाही. बाबा म्हणाले, "ओळखत नाय. बरोबर हाय." आणि ते निघायला वळले तेवढ्यात असरची बांग झाली. जोडलेली गाडी नव्हती, लगाम नव्हता, थांबायचं तरी काय? गुलाबनं चावणं थांबवलं. तोंडात घास तसाच, कान पुढे. आणि बांग चालू असतानाच ती एक पाऊल बाजूला सरकली, बाबांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. बाबाही हलले नाहीत.

बांग संपली. गुलाब पुन्हा खायला लागली आणि बाबा रडायला लागले, लहान मुलासारखे, मोठ्यानं.

अम्मानं त्यांना रडू दिलं. मग बुरख्याच्या आतून एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत गाजरं होती.

"रडून झालं की द्या तिला," ती म्हणाली. "सोलून आणलीत."